पान सत्त्याऐंशीचा खुलासा

४ फेब्रुवारी

दादा, आणि हे पत्र तुला वाचून दाखवणारी वहिनी,

अकरा वर्षांनी माझं अक्षर बघून कुणी गेलं-बिलं की काय अशी शंका यायला नको, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, सगळे सुखरूप आहेत. सगळे म्हणजे मी एकटीच. गुडघा सोडला तर ठणठणीत आहे.

तुझ्या डोळ्यांचं वहिनीकडून कळलं. ती वर्षातून दोन-तीनदा मला फोन करते. हे तुला ठाऊक नसेल, तर वहिनी, मागचं वाक्य गाळून वाच. पत्र लिहिण्यात माझा थोडा कावा आहे. फोन केला असता तर तू घेतला नसतास. पत्र ती वाचायला बसली, की ते टाळायला तुला खोलीतून उठून जावं लागणार, आणि तुझे गुडघे माझ्यापेक्षा वाईट आहेत असं ऐकते.

बहीण हल्ली काय करते असं कुणी विचारलं, तर तू 'कपाटात बसते' एवढंच सांगतोस म्हणे. त्यात खोटं काही नाही. झोपायच्या खोलीत भिंतीतलं मोठं कपाट आहे, त्यात मी एक स्टूल टाकलंय, वर एक दिवा, पुढ्यात माइक. चहूबाजूंनी कोट, शाली आणि जुनी पांघरुणं टांगली आहेत. कपड्यांमुळे आवाज घुमत नाही. दर बुधवारी तिथून माझा पॉडकास्ट जातो. त्याचं नाव 'खुलासा'. एक माणूस येतो किंवा फोन करतो आणि आपल्या कामात हातून झालेली एक चूक सांगतो. नाव कुणी सांगायचं नाही, फक्त हुद्दा. मागच्या आठवड्यात एक नकाशे काढणारे होते. शहराच्या नकाशात ते एक अख्खी गल्ली विसरले आणि दोन वर्षं तिथल्या लोकांच्या घरी टपालवाला फिरकला नाही. गल्लीतल्या एका बाईंनी त्यांना शोधून काढलं आणि हातात खडू देऊन म्हणाल्या, आता माझ्या दारात उभं राहून काढा. चार वर्षं झाली, लोक ऐकतात. भाजी घेताना माझा आवाज ओळखून मागे वळतात. मला आवडतं, उगाच कशाला नाकारू.

नाव जुनंच आहे. बाविसाव्या वर्षी पेपरात लागले तेव्हा मला बातम्या कोण देणार? तक्रारींचा फोन उचलायचा आणि आतल्या पानावर खाली कोपऱ्यात दोन ओळींचा 'खुलासा' लिहायचा, हे माझं काम. एकदा आम्ही एका गृहस्थांच्या नावामागे 'कैलासवासी' छापलं. ते स्वतः कचेरीत येऊन माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, मी आहे, बघून घ्या. मी बघून घेतलं आणि तसं छापलं. आमच्या संपादकांना सगळे 'टाचणी' म्हणायचे, कारण ते बातमीच्या प्रत्येक कॉपीला शंकेची चिठ्ठी टाचत. त्यांचा एकच नियम. एकाने सांगितलं तर गप्पा, दोघांनी सांगितलं तर बातमी. पुढे कोर्टाच्या बातम्या करायला लागले, आणि बावीस वर्षं मी तो पाळला.

या पत्रामागे विशेष कारण काही नाही. सहज आठवण झाली.

तुझी,
धाकटी

१९ फेब्रुवारी

दादा,

वहिनीने बातमी दिली. पहिल्या पानाला तू टीव्ही मोठा केलास, दुसऱ्या पानाला लहान केलास आणि कैलासवासींपाशी तुझ्या मिशीत काहीतरी हाललं. हसू होतं असं तिचं म्हणणं आहे. एकाच साक्षीदाराने सांगितलंय, त्यामुळे मी छापणार नाही.

मग पुढचं ऐक. पेपर लहान होत गेला. पानं कमी झाली, माणसं कमी झाली, शेवटी एका सोमवारी टाचणींनी मला बोलावलं आणि माझ्याकडे न बघता खिडकीची कडी काढ-घाल करत राहिले. मी म्हटलं, कळलं साहेब, कडी मोडेल. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी कोर्टातल्या नोंदवह्यांची चार खोकी घेऊन घरी आले. सहा महिने सकाळी उठून कुठे जायचं नाही याचीच भीती वाटायची. मग एक दिवस बाबांवर दोन पानं लिहिली. पोस्टाशेजारचा किल्ल्यांचा ठेला, ठेल्यावरची पाटी, 'ठशावरून किल्ली केली जाणार नाही', आणि पाटीखाली बसलेले बाबा. दोनाची दोनशे झाली. 'बाबांच्या किल्ल्या' निघालं, चाललं आणि अजून चालतंय. लेखिका म्हणून माझं जे काही नाव आहे ते त्याच एका पुस्तकावर. नंतरची तीन माझ्या बैठकीत नीट रचून ठेवली आहेत.

आता अवघड जागेवर येते. वहिनी, पाणी पिऊन घे.

प्रकाशनाच्या दिवशी मी पान सत्त्याऐंशी वाचायला घेतलं आणि तू पहिल्या रांगेतून उठून निघून गेलास. त्या पानावर असं आहे. शाळा सुटून मी समोरच्या फुटपाथवर उभी आहे, नऊ वर्षांची. रस्त्यापलीकडे ठेल्यापाशी पोलीस आणि तू, सतरा वर्षांचा. बाबा घरून जेवून येताहेत आणि अगदी माझ्या मागे येऊन थांबलेत. 'दादाने हात वर केला, आमच्या दिशेने बोट दाखवलं, आणि पोलीस बाबांना घेऊन गेले.' एवढंच. लोकांना हे वाक्य फार आवडलं. परीक्षणात कुणीतरी लिहिलं की एका वाक्यात अख्खं घर मोडलंय.

तू उठून गेलास तेव्हा मला वाटलं, खरं बोचलं. खोटं का सांगू, मला वाईट वाटलं पण थोडं समाधानही झालं. खऱ्याला कुणी उठून जातं तेव्हा बातमीदाराला तसं होतं. नंतर तू फोन घेतले नाहीस, मीही करायचे थांबले. माझी मान तुझ्यापेक्षा कमी ताठ नाही.

आज इतकंच. इथे हवा छान आहे. कपाट उन्हात टाकलं होतं, म्हणजे कपडे.

धाकटी

८ मार्च

दादा,

विशेष कारण नाही असं लिहिलं होतं ते खोटं होतं. कारण आहे, आणि दोन पत्रं मी त्याच्या भोवती घिरट्या घातल्या. आता सरळ सांगते.

जानेवारीच्या शेवटी कार्यक्रमासाठी एकांचा फोन आला. हुद्दा, निवृत्त पोलीस. आवाज म्हातारा, बोलणं मोजकं. म्हणाले, नोकरीला लागून सहाच महिने झाले होते तेव्हाची चूक आहे, सांगायला उशीर झालाय. मी नेहमीसारखी स्टुलावर बसले आणि माइक सुरू केला.

त्यांनी सांगितलं ते असं. एका डॉक्टरांच्या घरी चोरी झाली होती. कुलूप फुटलं नव्हतं. दारात नवी कोरी किल्ली पडलेली सापडली. गावात किल्ल्या करणारे दोघं, त्यातला एक आठवडाभर बाहेरगावी. म्हणून हे आणि यांचे साहेब दुपारी दीडला पोस्टाशेजारच्या ठेल्यावर गेले. इथपर्यंत ऐकलं आणि ठेला कुणाचा ते मला कळलं. ठेल्यावर मुलगा एकटाच होता. साहेबांनी विचारलं, बाप कुठे आहे? पोरगा काहीतरी सांगू बघत होता, पण साहेब कुणाचं ऐकून घेणारे नव्हते. तेवढ्यात समोरच्या फुटपाथवर बाप दिसला. साहेबांनीच त्याला ओळखलं आणि यांना सांगून या बाजूला आणवलं.

पुढचं त्यांच्याच शब्दांत लिहिते, रेकॉर्डिंग तीनदा ऐकून.

"मी बापाला घेऊन आलो तर पोराने खणातून साबणाची वडी काढली. तिच्यावर किल्लीचा ठसा होता. म्हणाला, ही किल्ली मी केली, बाबा जेवायला गेले होते, त्यांना माहीतच नाही. तर बापाने त्याच्या तोंडात मारली. आणि साहेबांना म्हणाला, पोरगं घाबरून काहीही बरळतंय, किल्ली मी केली."

मी विचारलं, तुम्हाला काय वाटलं? ते म्हणाले, वाटायचं काय, मला कळलं होतं. बाप त्या वडीकडे पहिल्यांदाच बघत होता. ज्याने ठसा वापरलाय तो असं बघत नाही. पण साहेबांना कबुली मिळाली होती आणि मी नवा होतो, म्हणून गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी खरा चोर सापडला, माणूस सुटला, पण ठशावरून किल्ली केल्याची कबुली कागदावर राहिली आणि त्याचा ठेला गेला. त्या पोराला मला एवढंच सांगायचंय की तू खरं बोलत होतास हे मला माहीत होतं.

मी कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी आभार मानले, कळवते म्हटलं आणि माइक बंद केला. मग आईच्या जुन्या कोटात तोंड खुपसून रडले, बराच वेळ. बातमीदारी, लेखन सगळं बाजूला राहिलं. तू खणातून साबण काढलास, दादा, आणि मी तुला चहाडखोर करून पाच आवृत्त्या काढल्या.

मला माफ कर, असं लिहिणं फार सोपं आहे, तरी लिहिते. मला माफ कर.

धाकटी

२३ मार्च

दादा,

पंधरा दिवस वहिनीचाही फोन नाही. म्हणजे तुम्ही दोघं बोलत असणार. बोला. मी थांबते.

तोवर माझी चूक कशी झाली ते सांगते. दुसऱ्यांच्या चुका ऐकून ऐकून मी त्यात तरबेज झाले आहे.

लोकांच्या घरच्या गोष्टी छापताना मी दोन सूत्रं शोधत होते. एका खटल्यात तर रखवालदाराच्या मेव्हण्यापर्यंत पोचले होते. आणि स्वतःच्या घरची गोष्ट लिहिताना सूत्र एकच, ते म्हणजे नऊ वर्षांची मी. मी तिथे होते ना, मी पाहिलं ना, मग कुणाला काय विचारायचं? तू अर्ध्या तासाच्या अंतरावर होतास. लिहिताना तुझ्याकडे तीनदा जेवायला आले होते. बाबांच्या हत्यारांबद्दल तुला विचारलं, पाटी कुठल्या रंगाची होती ते विचारलं, पण बोटाबद्दल अवाक्षर काढलं नाही. ते मला माहीत आहे असं मी धरून चालले होते.

आणि एक गोष्ट आहे जी मी आजवर कुणालाच सांगितली नाही. मध्ये बस आली होती. तू बोट दाखवलंस, मी मागे वळून पाहिलं तर बाबा, आणि तेवढ्यात एक पोलीस येऊन त्यांना पलीकडे घेऊन गेला. मग आमच्यामध्ये बस येऊन उभी राहिली. भरलेली बस, माणसं उतरताहेत, कुणाची तरी पेटी अडकली आहे. बस गेली तेव्हा बाबा पोलिसांच्या गाडीत होते आणि तू त्या गाडीमागे धावत होतास. म्हणजे साबण, कबुली, थोबाडीत, सगळं त्या बसमागे झालं. पहिल्या खर्ड्यात बस होती. मी ती काढली. वाक्य लांबत होतं आणि पेटीमुळे रसभंग होत होता. टाचणी असते तर तिथेच चिठ्ठी लागली असती, 'बसच्या पलीकडे काय झालं?'

आता कामाचं बोलते. पुस्तकाची सहावी आवृत्ती मेअखेर छपाईला जाते. मला पान सत्त्याऐंशी दुरुस्त करायचं आहे. पण ते दुरुस्त करायचं तर किल्ली तू केलीस हे सांगावं लागेल, आणि ते सांगायचा हक्क तुझा आहे. त्या पोलिसांचं रेकॉर्डिंगही आहे. अठ्ठावीस मिनिटं. ऐकवलं तर आजवरचा सगळ्यात गाजलेला भाग होईल हे मला डोळे मिटून कळतं. प्रकाशकांना नुसता वास लागला आणि ते मला नवी प्रस्तावना लिहा म्हणून खणपटीला बसलेत. मी म्हटलं, आमच्या घरी विचारावं लागेल. ते हसले. त्यांना वाटलं मी थट्टा करते.

तू नको म्हणालास तर रेकॉर्डिंग कुणी ऐकणार नाही आणि ते पान मी सरळ काढून टाकेन. लोकांना वाटायचं ते वाटो. या वेळी आधी विचारते आहे.

आणि एक प्रश्न आहे, तो लेखिकेचा नाही, माझा आहे. तू बाबांकडे बोट दाखवलं नव्हतंस. साहेबांनी त्यांना स्वतःच ओळखलं. पण तुझा हात वर होता, दादा, बोट सरळ आमच्या दिशेने होतं, बसच्या आधीचं हे मी नीट पाहिलंय. मग ते बोट कुणाकडे होतं?

धाकटी

७ एप्रिल

दादा,

पाकीट मिळालं. वहिनीचं अक्षर, तुझे शब्द. दाराशीच उभी राहून वाचलं, मग बसून वाचलं.

'किल्ली मी केली. माणूस सभ्य होता. साबण कागदात नीट गुंडाळून आणला होता. म्हणाला, म्हातारी आई आत अडकली आहे. मला वाटलं बाबा येईपर्यंत आपण एक काम उरकून दाखवावं. बाबा सुटून आल्यावर म्हणाले, तुझ्या कारखान्याच्या नोकरीला पोलिसांचा दाखला लागणार आहे, तोंड उघडशील तर याद राख. मी नाही उघडलं. ते गेल्यावर सांगितलं असतं, पण कुणी विचारलं नाही. तू पण विचारलं नाहीस. किल्लीचं छाप. बाबांनी मारलं ते छापू नको. त्यांनी जन्मात तेवढं एकदाच मारलं.'

'तू पण विचारलं नाहीस' हे वाक्य मी टाचणीने माझ्या टेबलासमोर लावून ठेवलंय. कुणी आलं आणि हे काय म्हणून विचारलं, तर कामाचं आहे असं सांगते.

बाबांनी मारलं ते कुठेही येणार नाही. त्याला कात्री लावली तर रेकॉर्डिंगमध्ये उरतं काय, म्हणून ते अख्खंच ठेवून दिलं. त्या पोलिसांना फोन करून मी कोण ते सांगितलं. त्यांनी विचारलं, मुलगा कसा आहे? मी म्हटलं, टूलरूमचा फोरमन होऊन निवृत्त झाला, मिशी आहे, गुडघे दुखतात, आणि तुमचा निरोप पोचलाय. ते म्हणाले, मग कार्यक्रमाचं राहू द्या. असं कुणी माझ्या कार्यक्रमाला प्रथमच नाकारलं आणि मला राग आला नाही. प्रकाशकांचाही हिरमोड झाला. पण खरं सांगते, इतकी चांगली गोष्ट हातात असून ती न सांगण्यात मला एवढं बरं वाटेल असं वाटलं नव्हतं. परवा शीळ घालत भांडी घासली.

पान सत्त्याऐंशीवर जुनं वाक्य जाऊन हा मजकूर येईल. ऐक आणि चूक असेल तर सांग.

'आधीच्या पाच आवृत्त्यांत या जागी लेखिकेच्या भावाने वडिलांकडे बोट दाखवल्याचं लिहिलं होतं. ते चुकीचं आहे. ठशावरून किल्ली भावाने केली होती आणि ते त्याने पोलिसांना तिथल्या तिथे सांगितलं. त्याचं कुणी ऐकलं नाही. मध्ये बस असल्यामुळे लेखिकेला हे दिसलं नाही, आणि नंतर तिने भावाला विचारलं नाही.'

खाली एक ओळ रिकामी आहे. बोटाचं तू काहीच लिहिलं नाहीस. वहिनीने मात्र तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय, 'बोटाचं आलं की हे उठून गॅलरीत जातात. रविवारी सकाळी दहाला फोन कर, मी उचलून यांच्या हातात देते.' वहिनी, हेही गाळून वाच.

धाकटी

१७ एप्रिल

दादा,

काल बोललो आणि आज पुन्हा पत्र, म्हणशील हिला काही उद्योग नाही. पण फोनवर एक गोष्ट राहिली.

आधी तुझ्या तक्रारी नोंदवून घेतल्या आहेत. पान एकतीसवर मी बाबांच्या हातात पटाशी दिली आहे, तिथे कानस हवी. कुलूपवाला पटाशी घेऊन काय सुतारकी करणार, हे तुझं म्हणणं मान्य. पान चाळीसवर ठेल्याला दोन फळ्या लिहिल्यात, तीन होत्या. अकरा वर्षांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलताना माणूस फळ्या मोजतो हे बघून मला इतकं हसू आलं की मी रिसीव्हर लांब धरला. तुझा आवाज थेट बाबांसारखा झालाय. तेव्हा सांगायचं राहून गेलं.

मग मी बोटाचं विचारलं. मागून वहिनी 'सांगा की' म्हणालेली ऐकू आली. तू जे म्हणालास ते मी लिहून काढलंय, सवयीने.

"तुझ्याकडे होतं. तू समोर उभी होतीस ना. त्या साहेबाला सांगत होतो, ती माझी बहीण आहे, तिला रस्ता ओलांडता येत नाही, तिला आधी आणतो, मग काय विचारायचं ते विचारा."

एकोणपन्नास वर्षं मी ते बोट बघत आले. ते माझ्याकडे आहे हे मला एकदाही सुचलं नाही. शाळा सुटली की मी समोर येऊन उभी राहायची आणि तू येऊन मला पलीकडे न्यायचास, रोज. आई पाचपर्यंत कारखान्यात, घराला कुलूप, म्हणून मी ठेल्यावरच बसायची. हे सगळं पुस्तकात आहे, पान वीसवर. मीच लिहिलंय आणि मलाच दिसलं नाही. रिकामी ओळ भरून आज सकाळी प्रकाशकांकडे पाठवली. 'त्याचं बोट लेखिकेकडे होतं. तिला रस्ता ओलांडता येत नसे.' ते म्हणाले, बाई, हे आधी का नाही लिहिलंत? मी म्हटलं, आधी माहीत नव्हतं.

त्यानंतर तू आणखी एक विचारलंस. म्हणालास, त्या धावपळीत तू राहिलीसच, मी घरी आलो तेव्हा तू झोपलेली होतीस, मग तुला विचारायचा धीर झाला नाही, तू गेलीस कशी घरी? जन्मभर मी लोकांना प्रश्न विचारले. मला कुणी असं काही विचारेल अशी सवयच नाही, त्यामुळे गडबडले. म्हटलं, शाळेतल्या बाईंनी सोडलं. तू 'बरं झालं' म्हणालास आणि इतका मोठा श्वास सोडलास की मला वाटलं, राहू दे हे असंच.

पण आता तुझ्या-माझ्यात चुकीचं काही ठेवायचं नाही असं मी ठरवलंय. म्हणून हा शेवटचा खुलासा, कुठेही छापायचा नाही.

बाईंनी सोडलं नाही. मी कुठे गेलेच नाही. पाच वाजता आई कारखान्यातून परत येताना तिला मी फुटपाथवर दिसले. तोवर तिथेच उभी होते. दोघा-तिघांनी विचारलं, बाळ, पलीकडे सोडू का? एका आजीबाईंनी तर हातच धरला. मी हात सोडवून घेतला आणि म्हटलं, नको, माझा दादा येतोय.

शनिवारी येते. दोनच्या बसने. उतरल्यावर समोरचा रस्ता फार वाहता आहे असं वहिनी म्हणते, आणि तुला आता नीट दिसत नाही, हे सगळं मला कळतं. तरी न्यायला ये. वहिनीचा हात धर, पण ये.

तुझी,
धाकटी